चांदीचं जुनं डाइम: ओळखायचं कसं, किंमत काढायची कशी

अमेरिकेच्या दहा सेंटच्या नाण्याला डाइम म्हणतात. १९६४ पर्यंतच्या सालाची डाइम चांदीची आहेत, आणि आजही ती घराघरांत निघतात. न्यू जर्सीत राहणाऱ्या कुणाला सुट्ट्या पैशांच्या बरणीत एखादं सापडतं, तर इकडे पुण्या-सांगलीत अमेरिकेहून परतलेल्या काकांच्या कपाटातल्या डबीत दहा-बारा निघतात. मग दोनांपैकी एक गोष्ट घडते. काळवंडलेलं दिसतं म्हणून कुणीतरी ते चिंच, राख नाहीतर टूथपेस्ट लावून चकचकीत करतं. किंवा मोबाइलवर साल टाकून बघतं आणि ‘या नाण्याला लाखो रुपये’ असा व्हिडिओ समोर येतो. पहिल्या गोष्टीत नाण्याची किंमत जाते, दुसरीत माणसाची झोप.

खरं तर हे छोटंसं नाणं स्वतःबद्दल जवळजवळ सगळं स्वतःच सांगतं. फक्त ते ठरावीक क्रमाने वाचावं लागतं: धातू, छाप, टांकसाळ, झीज, आणि सगळ्यात शेवटी पैसा. नवे लोक हा क्रम उलटा लावतात, म्हणून फसतात.

सुरुवातीआधी: घासू नका

हा नियम इतका महत्त्वाचा आहे की बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. चांदीवर चढलेला करडा, निळसर, तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीची क्रिया होऊन तो बनतो आणि त्याच्याखाली मूळ पृष्ठभाग शाबूत असतो. घासलं की त्या पृष्ठभागावर केसासारखे बारीक ओरखडे उठतात. नाणी पारखणाऱ्याला भिंगाखाली ते लगेच दिसतात, आणि दुर्मिळ नाणं असलं तरी भाव निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. आपल्याकडे चांदीची भांडी दिवाळीला लखलखीत करायची सवय आहे. निरांजनाला ती ठीक, नाण्याला नाही.

नाणं नेहमी कडेने धरायचं, अंगठा आणि तर्जनीत. खाली मऊ कापड असू द्या. हातातून निसटलं तर ते फरशीवर आपटायला नको.

सामान थोडंच लागतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग आणि एका बाजूने पडणारा पिवळसर दिवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात झीज आणि ओरखडे दोन्ही लपतात.

पहिली पायरी: साल, कड आणि वजन

साल १९६४ किंवा आधीचं असेल, तर नाणं ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांब्याचं. १९६५ किंवा नंतरचं असेल, तर चांदी नाही. चांदी महागत चालली आणि तिचा तुटवडा पडला, म्हणून अमेरिकेने कायदा बदलला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २३ जुलै १९६५ रोजी त्यावर सही केली आणि डाइममधली चांदी गेली. नव्या नाण्यात मध्ये शुद्ध तांबं आणि दोन्ही बाजूंना तांबं-निकेलच्या मिश्रणाचा पातळ पत्रा असतो.

साल वाचता येत नसेल तर कड बघा. नवं डाइम आडवं धरलं की कडेला तांब्याची लालसर रेघ दिसते. चांदीचं डाइम सगळीकडून एकाच पांढुरक्या रंगाचं असतं. अमेरिकेत राहत असाल तर बँकेतून डाइमचं रोल आणा. त्यात पन्नास नाणी म्हणजे पाच डॉलर. रोल आडवं धरून नुसत्या कडांवरून नजर फिरवली की तांबूस रांगेत एखादी पांढरी कड लगेच उठून दिसते. सुपरमार्केटमधल्या नाणी मोजण्याच्या यंत्राचा परत देण्याचा कप्पाही जाता-येता बघावा. चांदीची नाणी ते यंत्र बऱ्याचदा नाकारतं आणि लोक ती तशीच सोडून जातात.

मग वजन. १८७३ ते १९६४ मधलं चांदीचं डाइम नवं असताना २.५० ग्रॅमचं, नंतरचं २.२७ ग्रॅमचं. खूप झिजलेलं चांदीचं डाइम २.३५ पर्यंत उतरू शकतं, म्हणून नुसत्या वजनावर निकाल देऊ नये. कड आणि वजन मिळून बोलतात. व्यास १७.९ मिलिमीटर. सध्या चलनात असलेल्या अमेरिकी नाण्यांत हे सगळ्यात लहान, पाच सेंटच्या निकेलपेक्षाही. नवख्याला हे उलटं वाटतं, पण कारण सरळ आहे. डाइमचा आकार त्यातल्या चांदीच्या मोलावरून ठरला, आणि निकेलमध्ये चांदी घालायचीच नव्हती.

या नियमाला अपवाद आहे. १९९२ पासून सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ संग्राहकांसाठीच्या खास संचांमध्ये पुन्हा चांदीची डाइम घालते. ती आरशासारखी चमकतात, सालाच्या वर ‘एस’ असतो आणि कडेला तांबं दिसत नाही. कुणी संच फोडून ती खर्च केली की सुट्ट्या पैशांतही येतात. दुसरी गोष्ट क्वचितच घडते: १९६५ चं डाइम चुकून चांदीच्या चकतीवर पाडलं गेलेलं. कड पांढरी आणि वजन २.५० भरलं, तर ते बाजूला ठेवून तज्ज्ञाला दाखवावं. ते मोडीत घालायचं नसतं.

दुसरी पायरी: छाप ओळखा

चांदीच्या डाइमवर मुख्य सहा छाप झाले. पहिले दोन तुमच्या हातात येण्याची शक्यता फार कमी, म्हणून नव्याकडून जुन्याकडे जाऊ.

*रूझवेल्ट, १९४६ पासून.* डावीकडे पाहणारा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा चेहरा, मागे मध्ये मशाल, एका बाजूला ऑलिव्हची फांदी, दुसरीकडे ओकची. रूझवेल्ट यांना पोलिओ झाला होता. त्या आजाराविरुद्ध ‘मार्च ऑफ डाइम्स’ नावाची मोहीम होती आणि लोक व्हाइट हाउसला अक्षरशः डाइम पाठवत. एप्रिल १९४५ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या स्मरणासाठी हेच नाणं निवडलं गेलं आणि त्यांच्या जन्मदिवशी, ३० जानेवारी १९४६ ला, ते चलनात आलं. छाप जॉन सिनॉक यांचा.

*मर्क्युरी, १९१६ ते १९४५.* माझं सगळ्यात आवडतं. पंख लावलेली टोपी घातलेला तरुण चेहरा. लोकांना तो रोमन देव मर्क्युरी वाटला आणि नाव चिकटलं, पण अॅडॉल्फ वाइनमन यांनी घडवली ती लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्याची देवी. टोपीचे पंख विचारस्वातंत्र्याचे. मागच्या बाजूला कुऱ्हाडीसकट बांधलेली काठ्यांची मोळी आणि तिला वेढणारी ऑलिव्हची फांदी आहे. मोळी एकजुटीची, फांदी शांततेची. युरोपात पहिलं महायुद्ध चालू असताना पाडलेलं हे नाणं आहे, हे मनात ठेवून मागची बाजू बघा. ही मोळी नीट बघायला शिका, पुढे किंमत तिच्यावरच ठरणार आहे.

*बार्बर, १८९२ ते १९१६.* उजवीकडे पाहणारं लिबर्टीचं भरदार डोकं, केसांत पानांची माळ, कपाळावरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत ‘लिबर्टी’. मागे मका, गहू आणि पानांची वेल, मध्ये ‘वन डाइम’. छाप टांकसाळीचे मुख्य कोरीवकार चार्ल्स बार्बर यांचा. ही डाइम लोकांनी मनसोक्त वापरली, त्यामुळे बहुतेक वेळा गुळगुळीत होऊनच हातात येतात.

*सीटेड लिबर्टी, १८३७ ते १८९१.* खडकावर बसलेली बाई, एका हाताशी ढाल, दुसऱ्या हातात टोपी टांगलेली काठी. हा छाप चोपन्न वर्षं चालला आणि त्यात पोटभेद फार. सुरुवातीला बाईभोवती काहीच नव्हतं, १८३८ पासून तारे आले, १८६० पासून ताऱ्यांच्या जागी देशाचं नाव.

पण सालाच्या दोन बाजूंना बाण दिसले की थांबावं. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि बाजारात इतकं आलं की सोन्याच्या मानाने चांदी महाग झाली. नाण्यातली चांदी नाण्यावरच्या किमतीपेक्षा जास्त भरू लागली, तेव्हा लोक नाणी वितळवू आणि परदेशी पाठवू लागले. बाजारात सुट्टे मिळेनासे झाले. १८५३ मध्ये सरकारने डाइमचं वजन २.६७ वरून २.४९ ग्रॅमवर आणलं आणि हलकं नाणं ओळखू यावं म्हणून सालाशेजारी बाण कोरले. ते १८५५ पर्यंत राहिले. १८७३ मध्ये वजन २.५० केलं तेव्हा दोन वर्षं पुन्हा बाण आले. आपल्याकडे जुना राजा छाप रुपया चांदीसाठी मोडला जातो, त्यामागेही हेच गणित आहे. नाण्यातला धातू नाण्याच्या मोलापुढे गेला की नाणं चलनात टिकत नाही.

त्याआधी *कॅप्ड बस्ट*, १८०९ ते १८३७: टोपी घातलेली लिबर्टी, मागे गरुड आणि ‘१० सी’. आणि सगळ्यात पहिलं *ड्रेप्ड बस्ट*, १७९६ ते १८०७, ज्यावर किंमत लिहिलेलीच नाही. या दोन्हींत चांदी ९० टक्क्यांहून किंचित कमी, ८९.२ टक्के. यांपैकी काही हाती लागलं तर पुढच्या पायऱ्या सोडा आणि थेट जाणकाराकडे जा, कारण झिजलेलं असलं तरी त्याची किंमत चांदीवर ठरत नाही. तितकंच हेही खरं की या छापांची नकली नाणी भरपूर फिरतात.

तिसरी पायरी: टांकसाळीची खूण शोधा

एकाच सालाचं डाइम दोन-तीन टांकसाळींत पडायचं आणि प्रत्येक ठिकाणची संख्या वेगळी असायची. म्हणून ‘१९१६ चं डाइम’ असं म्हणून काहीच कळत नाही. एक बारीक अक्षर हजार डॉलरचा फरक करतं.

अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया. ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, आणि ‘सीसी’ म्हणजे नेव्हाडातली कार्सन सिटी. तिथल्या चांदीच्या खाणींमुळे तिथे टांकसाळ काढली होती आणि डाइम फक्त १८७१ ते १८७८ मध्ये पडली.

१९६४ पर्यंतच्या चांदीच्या डाइमवर खूण जवळजवळ नेहमी मागच्या बाजूला असते. सीटेड आणि बार्बरमध्ये वेलीच्या गाठीखाली, आणि काही सीटेड नाण्यांत वेलीच्या आत. मर्क्युरीत मोळीच्या बुंध्याच्या डावीकडे, ‘वन’ शब्दाच्या ‘ई’ नंतर. रूझवेल्टमध्ये मशालीच्या पायाशी डावीकडे. तिरप्या उजेडात नाणं हळूहळू फिरवा, झिजलेलं अक्षर सावलीत उमटतं.

चौथी पायरी: मोडीची किंमत काढा

आता तुमच्याकडे नाण्याचा तळ-भाव काढण्याइतकी माहिती आहे. याच्याखाली ते विकायचं नाही.

२.५० ग्रॅमच्या डाइममध्ये शुद्ध चांदी २.२५ ग्रॅम. सराफाच्या पाटीवर चांदी किलोला एक लाख रुपये असेल तर एका डाइममध्ये २२५ रुपयांची चांदी. दोन लाख असेल तर ४५०. एवढंच गणित आहे, त्या दिवशीचा भाव तेवढा घाला. अमेरिकेत भाव ट्रॉय औंसात सांगतात. एका डाइममध्ये ०.०७२३ औंस शुद्ध चांदी असते, म्हणजे औंसाला ४० डॉलर भाव असताना जेमतेम २ डॉलर ८९ सेंट.

तिथले व्यापारी साधी चांदीची नाणी दर्शनी किमतीच्या पटीत घेतात. दहा डाइम म्हणजे एक डॉलर दर्शनी किंमत, आणि झीज धरून त्यात ०.७१५ औंस चांदी मोजतात. व्यापारी आपला नफा कापणार, ते रास्तच आहे. पण किती कापतो हे मोजता यायला हवं. दोन-तीन ठिकाणी विचारा.

इकडच्या सराफाकडे नेलंत तर एक गोष्ट आधीच सांगा: कसोटीच्या दगडावर घासायचं नाही, आम्ल लावायचं नाही. क्ष-किरणांनी शुद्धता सांगणारं यंत्र आता बऱ्याच पेढ्यांवर असतं, त्याने नाण्याला काही होत नाही. आणि हे ध्यानात घ्या की सराफ चांदी विकत घेतो, नाणं नाही. तिसऱ्या पायरीपर्यंतचं काम झाल्याशिवाय त्याच्याकडे जाऊच नये.

पाचवी पायरी: झीज वाचा

इथे वेळ द्या. अमेरिकेत नाण्याची अवस्था १ ते ७० या अंकांत सांगतात. ४ म्हणजे छाप पूर्ण ओळखू येतो पण बारकावे गेलेले, १२ म्हणजे बऱ्यापैकी, २० ते ४० म्हणजे थोडं वापरलेलं, ५० च्या पुढे झीज अगदी नावापुरती, आणि ६० ते ७० ही कधीच चलनात न फिरलेली नाणी. प्रत्येक छापाची झीज मोजायची एक खास जागा असते.

बार्बरमध्ये ती जागा कपाळावरची पट्टी. ‘लिबर्टी’ची सात अक्षरं इंग्रजीत मोजा. एकही दिसत नसेल तर अवस्था ४ च्या आसपास. तीनेक अक्षरं दिसली तर ८. सगळा शब्द वाचता आला, मग काही अक्षरं फिकी का असेनात, तर १२. सीटेडमध्ये हाच शब्द ढालीवर बघायचा आणि जवळपास असंच मोजायचं.

मर्क्युरीत नाणं उलटं करा आणि मोळी बघा. काठ्या उभ्या आहेत, त्यांना बांधणाऱ्या पट्ट्या काही आडव्या, काही तिरप्या. फार झिजलेल्या नाण्यात मोळी म्हणजे एक सपाट खांब. काठ्यांमधल्या निम्म्या रेघा दिसल्या तर ८, सगळ्या काठ्या वेगळ्या मोजता आल्या तर १२. मधल्या भागात एकमेकींवरून जाणाऱ्या दोन तिरप्या पट्ट्या उठून दिसल्या तर २० किंवा वर.

न वापरलेल्या मर्क्युरीत त्याहून बारीक बघतात. मोळीच्या बरोबर मध्यावर दोन आडव्या पट्ट्या चिकटून असतात. त्यांच्यामधली खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड उमटली असेल तर त्या नाण्याला पूर्ण पट्ट्यांचं म्हणतात. ठसा जोरात बसला तरच ती उमटते. १९४५ चं फिलाडेल्फियाचं डाइम घ्या. जवळपास १६ कोटी पडली, उत्तम अवस्थेतही ती स्वस्त मिळतात. पण त्या वर्षी ठसे मध्यभागी नीट बसलेच नाहीत. त्यामुळे पूर्ण पट्ट्यांचं १९४५ चं डाइम हजारो डॉलरला जातं. खाच केसभर, आणि भावात एवढी तफावत. म्हणून भिंग लागतं.

पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी पारखून सीलबंद करणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत. पीसीजीएसच्या संकेतस्थळावर प्रत्येक छापाची प्रत्येक अवस्थेतली छायाचित्रं फुकट बघायला मिळतात. आपलं नाणं शेजारी धरून ताडून बघा. स्वतःच्या नाण्याला एक पायरी कमीच द्या. आपलं ते चांगलं दिसणारच.

सहावी पायरी: साल-टांकसाळीची जोडी तपासा

बहुतेक डाइम इथे साधीच ठरतात. एकट्या १९६४ सालाची दोन्ही टांकसाळींची मिळून २२८ कोटी पडली, त्यामुळे ते साल बघून हुरळू नये. रूझवेल्टची चांदीची डाइम जवळजवळ सगळीच मोडीच्या भावाची. १९४९-एस सारखं एखादं न वापरलेल्या अवस्थेत थोडं जास्त देतं. १९५५ ची कमी पडली खरी, पण लोकांनी तेव्हाच रोल भरून साठवली, म्हणून ती आजही महाग नाहीत.

मर्क्युरीत मात्र नीट बघा. १९१६-डी हा या मालिकेचा राजा, फक्त २,६४,००० पडली, कारण त्या वर्षाच्या शेवटी डेन्व्हरच्या टांकसाळीला पंचवीस सेंटच्या नाण्यांकडे वळवलं गेलं. गुळगुळीत झालेलंही शेकडो डॉलरला जातं. १९२१ आणि १९२१-डी मंदीमुळे कमी पडली, झिजलेलीही चांदीच्या कितीतरी पट किमतीला जातात. १९२६-एस आणि १९३१-डी ही त्याखालची.

१९४२ च्या प्रत्येक मर्क्युरीचं साल भिंगाखाली बघा. टांकसाळीत ठसा तयार करताना १९४१ आणि १९४२ असे दोन्ही साचे एकाच ठशावर दाबले गेले. फिलाडेल्फियाच्या नाण्यात २ च्या डाव्या अंगाला १ स्पष्ट दिसतो, डेन्व्हरच्यात तो पुसट असतो. ही झिजलेली असली तरी शेकडो डॉलरची. १९४५-एस मध्ये ‘एस’ नेहमीपेक्षा बारीक असलेला एक प्रकार आहे, तोही संग्राहक थोडे जास्त देऊन घेतात.

बार्बरमध्ये १८९५-ओ बघा, ४,४०,००० पडली. आणि १८९४-एस ची कथा तर अमेरिकेत प्रत्येक संग्राहकाला पाठ असते. सॅन फ्रान्सिस्कोत फक्त २४ पडली, आज नऊच्या आसपास माहीत आहेत. टांकसाळीच्या प्रमुखाच्या लहान मुलीने त्यातलं एक देऊन आइस्क्रीम घेतलं, असं सांगतात. एक डाइम जानेवारी २०१६ च्या लिलावात १९,९७,५०० डॉलरला गेलं. तुमच्याकडे १८९४ चं ‘एस’ असलेलं निघालं, तर ते नकली असण्याची शक्यता इतकी मोठी आहे की तिथूनच सुरुवात करा.

सीटेडमध्ये कार्सन सिटीची १८७१ ते १८७४ ची नाणी फार दुर्मिळ. १८७४-सीसी फक्त १०,८१७. उलट १८७५ ते १८७७ ची ‘सीसी’ बऱ्यापैकी मिळतात. म्हणजे ‘सीसी’ दिसलं म्हणून लगेच नाचायचं नाही, साल बघायचं. फिलाडेल्फियाच्या १८४४ आणि १८४६ वरही नजर ठेवा.

सातवी पायरी: खरं की खोटं

चुंबक लावा. चिकटलं तर विषय संपला. न चिकटणं हा मात्र पुरावा नाही, पितळही चिकटत नाही. वजन, व्यास, कडेचे दाते हे सगळं जुळायला हवं. कडेच्या मध्यावरून जाणारी जोडाची रेघ दिसली, किंवा पृष्ठभागावर बारीक फोड आणि भोकं दिसली, तर नाणं ओतीव आहे, ठशाखाली पाडलेलं नाही.

त्याहून फसवी नाणी म्हणजे खऱ्या नाण्यावर केलेली कारागिरी. १९१६ चं फिलाडेल्फियाचं साधं डाइम घेऊन त्यावर ‘डी’ चिकटवतात. चांदी खरी, वजन खरं, छाप खरा, खोटं फक्त एक अक्षर. भिंगातून ‘डी’च्या मुळाशी बघा. खरं अक्षर मैदानातून, म्हणजे नाण्याच्या सपाट भागातून, उगवल्यासारखं असतं, चिकटवलेल्याच्या बुडाशी फट किंवा रंगाचा फरक दिसतो. खऱ्या १९१६-डी मधला ‘डी’ ठेंगणा, चौकोनी, आणि त्याच्या पोटातली जागा त्रिकोणी. १९१६ चं बार्बर डाइम ‘डी’ सह कधी पडलंच नाही, हेही माहीत असावं. १९१६-डी सीलबंद, पारखलेलं नसेल तर विकतच घेऊ नये, मग विकणारा कितीही ओळखीचा असो.

भोक पाडलेली डाइमही भेटतील. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय कुटुंबांत अरिष्ट टळावं म्हणून भोक पाडलेलं चांदीचं डाइम पायात बांधायची रीत होती. सीटेड डाइमची एक बाजू घासून त्यावर प्रिय माणसाची आद्याक्षरं कोरायचीही पद्धत होती. नाणं म्हणून त्यांचा भाव पडतो, पण कोरीव अक्षरांची डाइम जमवणारा वेगळा संग्राहक आहे. ती मोडीत टाकू नका.

विकायचं ठरलं तर

किंमत बघताना कुणी काय मागतंय ते बघू नका, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची वेगळी यादी उघडता येते. हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स या लिलावसंस्थांचे जुने निकालही बघता येतात. साल, टांकसाळ आणि अवस्था या तिन्ही जुळणारी चार-पाच विक्री सापडली की खरा भाव हाती येतो. सीलबंद करून घेण्याचा खर्च टपाल धरून एका नाण्याला दहा डॉलरच्या काही पट पडतो, म्हणून शंभर-दोनशे डॉलरच्या खालच्या नाण्यासाठी तो करू नये. अमेरिकेत नाण्यांचा व्यापारी शोधायचा तर १८९१ पासून चालू असलेल्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनची सदस्य-यादी बघावी.

भारतात असाल तर दोन गोष्टी. ‘तुमचं नाणं लाखात घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला की तो कापा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन आणि कर मागणाऱ्यांबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं होतं. दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात शंभर वर्षं जुनं नाणंही येतं आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे आजोबांचं बार्बर डाइम पारखायला टपालाने अमेरिकेला धाडण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्या.

तोवर नाणी नीट ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात चांदीवर हिरवट चिकट थर धरतो. रबरबँड आणि वर्तमानपत्र चांदी काळी करतात. पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटीत पारदर्शक पॉलिस्टर असलेले होल्डर मिळतात, ते स्वस्त आणि चांगले. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि दर दोन महिन्यांनी बदला. प्रत्येक होल्डरवर साल, टांकसाळ, मोजलेलं वजन, तुम्ही ठरवलेली अवस्था आणि नाणं कुणाकडून आलं ते पेन्सिलने लिहा, नाणं आत घालण्याआधी.